क्रिएटिनिन नॉर्मल, तरी किडनी? चमचा आणि मेणबत्तीपासून सुरू झालेली गोष्ट

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. विषय इतिहासाचाच आहे, पण या वेळी ना लढाई, ना किल्ला, ना राजा. आजची गोष्ट आहे लघवीच्या एका बाटलीची. हसू नका. मीही आधी हसलो होतो, आणि ते मला चांगलंच महागात पडलं. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित एपिसोड. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात घरापासून करतो.

माझी आई सांगलीला असते, मी पुण्यात. ती 58 वर्षांची आहे आणि डायबेटिस होऊन अकरा वर्षं झाली. दर एक-दोन वर्षांनी मी तिच्यासाठी ऑनलाइन एक फुल बॉडी चेकअप बुक करतो. सकाळी साडेसहाला मुलगा घरी येतो, रक्त घेऊन जातो आणि संध्याकाळी माझ्या फोनवर पीडीएफ येते. मी काय करायचो, तर ऑफिसच्या कॅबमध्ये बसून ती पीडीएफ वर-खाली करायचो. लाल काही दिसलं तर थांबायचो, सगळं हिरवं असलं तर आईला अंगठ्याचा इमोजी पाठवायचो. क्रिएटिनिन 0.7, हिरवं. 0.8, हिरवं. 1.0, हिरवं. संपला विषय.

गेल्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा मावशी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अरे, तुझ्या आईच्या पायाला सूज येते संध्याकाळी. आणि लघवीला फेस येतो म्हणते. तुला सांगायला लाजते ती."

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "काही नाही रे, हार्पिक टाकते ना, त्याचा असेल. आणि तूच म्हणालास की किडनीचा रिपोर्ट चांगला आहे म्हणून."

बरोबर होतं तिचं. मीच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. मी मोठ्या रुबाबात फोन पुढे केला. त्यांनी पीडीएफ खालपर्यंत नेली, परत वर आणली आणि म्हणाले, "रक्ताचं सगळं ठीक दिसतंय रे. लघवीचा रिपोर्ट कुठाय?"

लघवीचा रिपोर्ट नव्हता. शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना मिळाला नाही. आधीच्या दोन्ही रिपोर्टमध्येही तेच. पॅकेजमध्ये लघवीची तपासणी होती, पैसेही भरलेले होते. पण सकाळी साडेसहाला दारात उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या हातात ती बाटली द्यायला आईला संकोच वाटायचा. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "ते राहू दे." आणि ते राहून गेलं, पाच वर्षं.

तर आजचा प्रश्न असा: रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असूनही किडनीला त्रास असू शकतो का? उत्तर आहे, हो. आणि ते आत्ता कुणीतरी शोधून काढलेलं नाही. डॉक्टरांनी किडनीचा आजार पहिल्यांदा नीट ओळखला तो रक्तातून नव्हे, लघवीतून.

फेस, मुंग्या आणि काचेचं भांडं

लघवी बघून आजार ओळखायची पद्धत खूप जुनी आहे. आपल्याकडे आयुर्वेदाच्या संहितांमध्ये प्रमेहाचे प्रकार सांगितलेत, त्यात मधासारख्या गोड लघवीचा, म्हणजे मधुमेहाचा उल्लेख येतो. "लघवीला मुंग्या लागतात का बघ" हे आजही गावाकडे ऐकू येतं. ग्रीसमध्ये हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये एक निरीक्षण आहे: लघवीवर बुडबुडे टिकून राहिले तर आजार किडनीचा आहे आणि तो लांबणार आहे. म्हणजे मावशीने स्वयंपाकघरात जे सांगितलं, ते निदान दोन हजार वर्षं जुनं आहे.

मध्ययुगात युरोपातले वैद्य काचेच्या फुगीर भांड्यात लघवी घेऊन ती उजेडाला धरायचे. रंग, गढूळपणा, साका बघायचे. हे भांडं म्हणजे त्या काळचा स्टेथोस्कोपच, जुन्या चित्रांमध्ये वैद्य ओळखायचा तो याच भांड्यावरून. पण त्यात भोंदूगिरीही भरपूर शिरली. पेशंटला न बघता नुसत्या भांड्यावरून भविष्य सांगणारे निघाले, आणि ही पद्धत हळूहळू बदनाम झाली.

मग कुणीतरी लघवी नुसती बघण्याऐवजी तापवून पाहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमधल्या लायडनच्या फ्रेडरिक डेकर्सने काही रुग्णांची लघवी उकळल्यावर ती गोठते, असं नोंदवलं. पुढच्या शतकात इटलीत, नेपल्सचा डोमेनिको कोतुन्यो अंग सुजलेल्या एका सैनिकावर उपचार करत होता. त्याची लघवी तापवली तर ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठली. हे त्याने आपल्या पुस्तकात लिहिलं. गंमत म्हणजे ते पुस्तक सायटिकावर होतं. आपल्या हाती काय लागलंय याचा पूर्ण अंदाज त्यालाही नसावा.

ब्राइटचा चमचा

आता लंडनला जाऊ. गायज हॉस्पिटल, 1820 चं दशक. तिथे रिचर्ड ब्राइट नावाचा डॉक्टर होता. जन्म 1789 चा, ब्रिस्टलचा. तरुणपणी आइसलँड फिरून आलेला, हंगेरीच्या प्रवासावर जाडजूड पुस्तक लिहिलेला माणूस. त्याच हॉस्पिटलमध्ये त्याच काळात थॉमस ॲडिसन आणि थॉमस हॉजकिन होते. तिघांच्याही नावाने पुढे आजार ओळखले गेले. काय टीम असेल बघा!

त्या काळी अंगावर सूज असलेले खूप पेशंट वॉर्डात यायचे. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, पोटात पाणी. या सगळ्याला इंग्लंडमध्ये "ड्रॉप्सी" असं एकच नाव होतं. कुणाची सूज हृदयामुळे, कुणाची लिव्हरमुळे, पण नाव एकच. आपल्याकडे सगळ्या बग्जना "सर्व्हर डाउन" म्हणतात, त्यातलाच प्रकार.

ब्राइटने दोन गोष्टी जोडल्या. तो पेशंटची लघवी चमच्यात घ्यायचा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. काही पेशंटच्या चमच्यात पांढरा साका जमायचा. पेशंट दगावला तर शवविच्छेदनात त्याची किडनी बघायचा. ज्यांचा चमचा पांढरा व्हायचा त्यांच्या किडन्या बिघडलेल्या निघायच्या, कधी खडबडीत, कधी आक्रसलेल्या. हे सगळं त्याने 1827 मध्ये रंगीत चित्रांसह छापलं. त्यानंतर कितीतरी वर्षं किडनीच्या दीर्घ आजाराला "ब्राइट्स डिसीज" असंच म्हणायचे.

तो पांढरा साका होता अल्ब्युमिनचा. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. निरोगी किडनीची गाळणी त्याला जवळपास सगळंच रक्तात राखते. ते लघवीत दिसायला लागलं की समजायचं, गाळणीला कुठेतरी फट पडली आहे.

ब्राइटने रक्तही सोडलं नव्हतं. जॉन बोस्टॉक नावाचा डॉक्टर त्याच्यासाठी रसायनशास्त्राची बाजू सांभाळायचा. किडनीने बाहेर टाकायचा युरिया काही रुग्णांच्या लघवीत कमी आणि रक्तात जास्त सापडतो, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे दोन्ही खिडक्या पहिल्याच दिवशी उघडल्या होत्या: लघवीतून गळती बघा, रक्तातून साठलेला कचरा बघा. 1840 च्या दशकात तर गायजमध्ये काही महिन्यांसाठी फक्त किडनीच्या पेशंटसाठी वॉर्ड राखले होते, शेजारी छोटी लॅबही होती.

मग आपण एक खिडकी बंद का केली?

मटणाच्या रश्श्यातून आलेला आकडा

रिपोर्टमध्ये जे "क्रिएटिनिन" लिहिलेलं असतं, त्याचं कुळ मांसाचं आहे. 1832 मध्ये फ्रान्सच्या मिशेल शेव्हरलने मांसाच्या रश्श्यातून एक पदार्थ वेगळा काढला आणि मांसाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रिएटिन नाव दिलं. हो, जिममधल्या डब्यावर असतं तेच. 1847 मध्ये जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिगने त्याच्यापासून तयार होणाऱ्या पदार्थाला क्रिएटिनिन म्हटलं. आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन असतं, त्यातलं थोडं रोज क्रिएटिनिन होऊन रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते.

1886 मध्ये मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की क्रिएटिनिनमध्ये पिक्रिक ॲसिड आणि अल्कली घातली की नारिंगी-लाल रंग येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑटो फोलिनने या रंगाच्या गडदपणावरून क्रिएटिनिन मोजायची पद्धत बसवली. 1926 मध्ये डेन्मार्कच्या पॉल ब्रांट रेबर्गने स्वतः क्रिएटिनिन पिऊन, रक्तात आणि लघवीत ते किती येतं त्यावरून किडनी मिनिटाला किती गाळते याचं गणित मांडलं. मग 1957 मध्ये ऑटोॲनालायझर बाजारात आला. लेनर्ड स्केग्ज यांनी बनवलेलं हे मशीन एकामागून एक नमुने आपोआप तपासायचं.

इथे चित्र बदललं. एकदा रक्त काढलं की मशीन साखर, युरिया, क्रिएटिनिन सगळं देऊ लागलं. रक्त घेणं सोपं, स्वच्छ, आणि त्यात लाजायचं काही नाही. लघवीची तपासणी बंद झाली नाही, पण "किडनीचा रिपोर्ट" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर क्रिएटिनिन यायला लागलं. आपल्या केएफटीच्या पानावर आजही बहुतेक आकडे रक्ताचेच असतात.

हिरवा आकडा का फसवतो

आता थोडं गणित. बीटेक केलंय, एवढं तरी करू द्या.

आपल्या प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात, म्हणजे छोट्या गाळण्या. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळपास सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. एवढी क्षमता असल्यामुळे काही नेफ्रॉन गेले तर उरलेले जास्त काम उचलतात. दहा सर्व्हरपैकी तीन बंद पडले, तरी लोड बॅलन्सर उरलेल्या सातांवर काम वाटतो आणि युझरला काहीच कळत नाही, तसं. म्हणून तर निरोगी माणूस एक किडनी दान करू शकतो. आणि म्हणूनच तक्रार उशिरा येते.

दुसरी गोष्ट. क्रिएटिनिन आणि गाळण्याची क्षमता यांचं नातं उलटं आहे. क्षमता निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. समजा एखाद्याचं मूळ क्रिएटिनिन 0.6 आहे. क्षमता निम्मी झाली, क्रिएटिनिन 1.2 झालं. अनेक लॅबच्या रेंजमध्ये पुरुषांसाठी 1.2 नॉर्मलच असतं. म्हणजे अर्धी क्षमता गेली आणि रिपोर्ट हिरवा!

तिसरी गोष्ट स्नायूंची. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, म्हणून रोज जिमला जाणाऱ्याचं जास्त असू शकतं आणि बारीक, वयस्कर बाईचं कमी. तोच आकडा दोन माणसांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

ही अडचण डॉक्टरांना ठाऊक होती. 1976 मध्ये कॅनडाच्या कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून क्षमतेचा अंदाज काढायचं सूत्र दिलं. 1999 मध्ये दुसरं आलं, 2009 मध्ये तिसरं, 2021 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. रिपोर्टमध्ये "ईजीएफआर" लिहितात तो या सूत्रांमधून निघालेला आकडा.

मी 2021 च्या सूत्राची चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. माझं वय 28, क्रिएटिनिन 1.0. उत्तर आलं 105. आईचं वय 58, क्रिएटिनिन तेच 1.0. उत्तर आलं 65.

मग तिचे जुने रिपोर्ट टाकले. पाच वर्षांपूर्वी 0.7, म्हणजे 103. मधला 0.8, म्हणजे 86. आणि आता 65. तिन्ही वेळा पीडीएफमध्ये हिरवं, तिन्ही वेळा माझा अंगठा. ऑफिसमध्ये मी दिवसभर ग्राफ बघतो. एखादी रेघ अशी सरळ खाली येताना दिसली असती तर रात्री दोनला उठून लॅपटॉप उघडला असता. आईच्या रिपोर्टची रेघ मी कधी काढलीच नव्हती. फक्त रंग बघितला.

परत गायज हॉस्पिटल

आता गोष्ट फिरून त्याच हॉस्पिटलात येते. ब्राइटचा चमचा फार स्थूल होता, अल्ब्युमिन भरपूर असलं तरच साका दिसायचा. 1957 मध्ये अमेरिकेतल्या एम्स कंपनीने अल्ब्युस्टिक्स नावाची पट्टी आणली. हेलन आणि आल्फ्रेड फ्री या जोडप्याचं या पट्ट्यांच्या कामात मोठं योगदान आहे. पट्टी लघवीत बुडवायची, पिवळ्याची हिरवी झाली की प्रोटीन आहे. मेणबत्ती गेली, पण अगदी कमी अल्ब्युमिन पट्टीलाही दिसत नाही.

1963 मध्ये हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिनही मोजता येईल अशी पद्धत प्रसिद्ध केली. कीन गायजचेच! ब्राइटनंतर जवळपास 140 वर्षांनी त्याच हॉस्पिटलच्या माणसाने त्याचा चमचा बारीक केला. पुढे 1982 मध्ये जियानकार्लो व्हिबर्टी, कीन आणि इतरांनी दाखवलं की डायबेटिसच्या ज्या रुग्णांच्या लघवीत असं थोडं अल्ब्युमिन सापडतं, त्यांना पुढे किडनीचा मोठा आजार होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. 1984 मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी मोठ्या वयात होणाऱ्या डायबेटिससाठीही हा इशारा खरा ठरतो हे दाखवलं. याला नाव पडलं मायक्रोअल्ब्युमिन. यात अल्ब्युमिन छोटं नसतं बरं का, त्याचं प्रमाण छोटं असतं.

लवकर कळून उपयोग काय? 1993 मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात कॅप्टोप्रिल या ब्लडप्रेशरच्या गोळीने डायबेटिसच्या रुग्णांमध्ये किडनीचं नुकसान होण्याचा वेग कमी झाला. 2001 मध्ये त्याच्याच जवळच्या गटातल्या औषधांचे असेच निकाल आले, आणि 2019 मध्ये साखरेवरच्या एका नव्या औषधाचे. म्हणजे फट लवकर दिसली तर ती रुंदावणं लांबवता येतं.

म्हणून नियमही बदलले. 2002 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने किडनीच्या दीर्घ आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. त्यातली पहिली पायरी नीट ऐका: गाळण्याची क्षमता 90 किंवा जास्त, म्हणजे नॉर्मल, पण नुकसानीची खूण आहे, जसं लघवीतलं अल्ब्युमिन, आणि ते तीन महिने टिकलंय. याला आजार म्हणायचं. 2012 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर थेट तक्ताच आला. एका बाजूला रक्तातून काढलेला ईजीएफआर, दुसऱ्या बाजूला लघवीतलं अल्ब्युमिन. दोन्ही आकडे असल्याशिवाय चौकट भरतच नाही. ब्राइटच्या दोन्ही खिडक्या अखेर एकत्र आल्या.

मग आपण काय बघायचं?

मी डॉक्टर नाही. औषध सांगणार नाही, आणि तुम्हीही हे ऐकून मेडिकलमधून काही आणू नका. पण दोन शहाणे प्रश्न विचारता यायला हवेत.

पहिला: रिपोर्टमध्ये "युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो" आहे का? काही ठिकाणी त्याला एसीआर किंवा मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात. 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे वाढलेलं. 300 च्या वर म्हणजे खूपच. नुसतं "युरिन रूटीन" केलं तर त्यातली पट्टी थोडी गळती चुकवू शकते. नमुना सकाळचा पहिला असेल तर उत्तम.

दुसरा: क्रिएटिनिन आज किती आहे एवढंच नाही, तर आधी किती होतं?

हे कुणी विचारायचं? डायबेटिस किंवा बीपी असलेल्यांनी तर दरवर्षी. घरात कुणाला किडनीचा आजार असेल तर. वर्षानुवर्षं पेनकिलर खाणाऱ्यांनी. आणि ज्यांना काही खुणा दिसतायत त्यांनी: टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी घोट्यावर सूज, रात्री वारंवार उठावं लागणं, लघवीचा लालसर किंवा चहासारखा रंग, कमी वयात चढलेलं बीपी.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही आज रात्री बाथरूममध्ये टॉर्च घेऊन उभे राहाल. प्रत्येक फेस म्हणजे किडनी नव्हे. जोराच्या धारेनेही फेस होतो, टॉयलेट क्लीनरनेही होतो. ताप, युरिन इन्फेक्शन, दमवणारा व्यायाम, पाळी यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं. म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. 1901 मध्ये विल्यम ऑस्लर या मोठ्या डॉक्टरने पन्नाशीनंतरच्या पुरुषांच्या लघवीत अल्ब्युमिनचा अंश सापडण्याच्या "फायद्यांवर" लेखच लिहिला होता. सापडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे तेव्हापासून सांगितलं जातंय.

आणि जिमवाल्यांनो, तुमचं क्रिएटिनिन थोडं वर आलं तर लगेच घाबरू नका, लपवूही नका. स्नायू, सप्लिमेंट, आदल्या रात्रीचं मटण, सगळं डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते सिस्टॅटिन सी नावाची वेगळी रक्ततपासणी सांगतील, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

आईची बाटली

आईचं एसीआर 210 आलं. डॉक्टरांनी तीन महिन्यांत पुन्हा करायला लावलं, तेव्हाही दोनशेच्या आसपासच. मग औषधं बदलली, बीपीचं लक्ष्य ठरलं, मीठ कमी झालं, गुडघ्यासाठी ती गुपचूप घ्यायची त्या पेनकिलर बंद झाल्या. परवा तिसरा रिपोर्ट आला: 120. अजून रेंजच्या बाहेरच आहे. क्रिएटिनिन 1.0 वर थांबलंय. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर जास्त बरं झालं असतं. पण आत्ता कळलं, हेही उशिरा नाही."

त्यांचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लॅबने काही चुकवलं नव्हतं. मशीनही बरोबर होतं. आईला बाटली द्यायला लाज वाटली, आणि मला शेवटचं पान वाचायला वेळ नव्हता. आमच्या घरात एवढंच झालं होतं. एक चमचा आणि एक मेणबत्ती घेऊन 1827 मध्ये जे दिसलं होतं, ते आम्ही दोघांनी मिळून पाच वर्षं बघितलं नाही.

आता घरी रक्त न्यायला मुलगा येणार असला की मी आदल्या रात्री फोन करतो. आई वैतागते. "अरे हो, बाटली भरून ठेवते, कागदात गुंडाळून ठेवते, झालं? सारखं सारखं काय त्याच विषयावर!"

तर मंडळी, हा एपिसोड आवडला तर शेअर करा, नाही आवडला तरी चालेल. फक्त एक काम करा. तुमच्या फोनमध्ये आई-बाबांचा शेवटचा रिपोर्ट असेल. तो उघडा, हिरवं-लाल सोडा, आणि शेवटच्या पानावर लघवीच्या तपासणीसमोर काय लिहिलंय ते वाचा. "नमुना मिळाला नाही" असं असेल तर आज संध्याकाळी घरी फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.